की-फ्रेम

शाहूपुरीत चौथ्या गल्लीत माझं दुकान,
शटर अर्धं वर, आत तीन सीपीयू उघडे पडलेले.
सरनोबत सीडी घेऊन आला
रुमालात गुंडाळून,
दवाखान्यातनं काहीतरी आणल्यासारखी.

'फायनल हाय. दोन हजार चारची.
आवाज येतोय, चित्र येत न्हाई.'

खरंच. काळ्या पडद्यावर
शाहू स्टेडियम नुसतं ओरडत होतं.
शिट्टी, हलगी, रेफ्रीच्या आईचा उद्धार,
आणि त्या सगळ्यातनं 'चहाऽ चहा' म्हणत फिरणारं एक पोरगं.
चित्र असतं
तर ते ऐकूही आलं नसतं.

गल्लीला बातमी लागायला किती वेळ?
वडापमधनं उतरावीत तशी माणसं आत आली
आणि प्रत्येकाच्या हातात एकेक मत.

मुजावर म्हणाला, नारिंगी शंकूवाला टाक,
ट्रॅफिक पोलिसांनी दसरा चौकात मांडावा तसला शंकू,
त्याच्यात दगड घातला तरी चालू होतो.
माणगावे सर हसले.
'रंग मरतात त्याच्यात. माझा बघा, साधा, जुना,
बारा वर्षांत एकदा अपडेट मागितला नाही.'
कुणी म्हणालं, कोडेक पॅकच टाक की सगळा.
'नको लगा! त्यानं माझं विंडोज गेलं,
पोरीचं बारसं गेलं, मेहुण्याची वास्तुशांत गेली.'
'वास्तुशांत गेली ते बरंच झालं.'

मी स्क्रू पिळत मोजत होतो:
शंकूवाले सगळे एका पेठेतले,
साधे-जुनेवाले पलीकडच्या.
वीस वर्षांपूर्वी स्टेडियममध्येही
हे असेच दोन बाजूंना बसत.

शंकूवाल्यात चित्र आलं,
पण हिरवं, शेवाळ धरलेल्या हौदासारखं.
दुसऱ्या एकात आवाज पुढं पळाला:
गोलचा जल्लोष आधी, किक नंतर.
'तेव्हाबी असंच झालं हुतं,' कोपऱ्यातनं कुणीतरी,
'गोल आधीच ठरलेला.'

सरनोबत काही बोलला नाही.
तेव्हा मला आठवलं, गोलमध्ये कोण उभा होता ते.

शिरीन बागवान, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला,
पेन ड्राइव्ह घ्यायला आली होती, थांबली.
म्हणाली, पूर्ण चित्र एकदाच लिहितात, काका.
मग फक्त जे हललं तेवढंच.
जे हललं नाही, त्याला जागा देत नाहीत.
इथं ते पहिलं चित्रच ओरखड्यात गेलंय,
म्हणून मैदान नाही, माणसं नाहीत,
नुसत्या हालचाली पळताहेत.

सर म्हणाले, माझ्यात लाव.
लावला.
करड्या भिंतीवर एक पाय उमटला, पुसला.
चेंडू नव्हता, चेंडूची घाई होती.
आणि उजवीकडं, जिथं गोल असायला हवा,
एक ठोकळा. सहा सेकंद. तसाच.

उडी मारलीच न्हाई.
विकला गेला.
हे दोन्ही वाक्यं कुणी बोललं नाही,
पण दुकानात ती होती,
वीस वर्षं झाली, या गावात ती फिरतच आहेत.

'मागं घे,' सरनोबत म्हणाला. 'हळू.'

एकेक फ्रेम पुढं सरकवली.
ठोकळ्याच्या डाव्या कडेला, खाली,
चार चौकोन थरथरले.
हातमोजा असावा. नसावाही.
फाईल दाबून दाबून लहान केली की
उगाचच असे चौकोन हलतात,
हे शिरीनला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.
तिनं माझ्याकडं बघितलं.
मी माऊस पुसला.

'हललो हुतो की,' सरनोबत म्हणाला,
मोठ्यानं नाही; सीपीयूच्या पंख्याएवढ्या आवाजात.

पन्नास रुपये ठेवले,
सीडी पुन्हा रुमालात,
शटरखालनं वाकून गेला.
सगळे गप्प. माणगावे सर चष्मा काढून बसलेले.

मग मुजावर, रस्त्याकडं बघत:
'शंकूवाल्यात
पाच दिसले असते.'